मनाई म्हणजे तयारी नव्हे

गेल्या श्रावणांत जव्हारकडील वांगणीच्या वाटेवर एक ओहोळ आडवा आला. पाणी घोट्याइतकेंच होतें. पण बरोबरचा वारली वाटाड्या काठाशींच बसला व आम्हांसही बसावयास सांगूं लागला. पाण्याचा रंग बदलला होता. म्हणजे वर डोंगरांत पाऊस लागला होता. आमच्या डोक्यावर लख्ख ऊन असल्यामुळें आमच्यांतील एका पदवीधरास हंसूं आलें. अर्ध्या तासांत तोच ओहोळ कमरेवर चढला. तो हंसणारा पदवीधर मीच, हें सांगण्यास आतां संकोच नाहीं.

पर्यटक बुडाला कीं आपल्याकडे दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतें, मरण कोणास चुकलें आहे? त्यास उत्तर देण्याचें कारण नाहीं. दुसरें म्हणतें, सरकारनें बंदी घालावी. हें मत शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडीं असतें आणि सरकारासही सोयीचें पडतें. म्हणून त्याचाच समाचार घेणें अवश्य आहे. पावसाळा आला कीं ठिकठिकाणचे जिल्हाधिकारी धबधब्यांवर मनाई हुकूम काढतात, फलक लागतो, आणि कर्तव्य संपलें असा समज दोन्ही पक्षीं होतो.

२ जुलै २०२० रोजीं जव्हार तालुक्यांतील काळमांडवी धबधब्यांत पांच तरुण बुडाले. ते मुंबईचे हौशी प्रवासी नव्हते, जव्हारचेच होते. आणि साथीमुळें तेव्हां साऱ्या राज्यांत संचारावर निर्बंध होते. याहून मोठी बंदी ती कोणती? पाण्याजवळ राहणें निराळें आणि पाणी ओळखणें निराळें.

जव्हारास आलेली सहल पुष्कळदां केळवे किंवा डहाणूच्या वाळूवर संपते. तेथें तर पावसाळी हुकुमाचा आधारही उरत नाहीं. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत पुण्याचे १४ विद्यार्थी गेले. त्या दिवसांत ना पाऊस, ना वादळ! आमच्या सहलीचा दिवस सुटी व मोटारगाडी पाहून ठरतो. तिथि कोणी विचारीत नाहीं. तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ साधारणपणें कळते, हें गणित कोंकणांतील निरक्षर कोळणीसही येतें. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा; भरती सहाच्या सुमारास पूर्ण, ओहोटी बाराच्या सुमारास. दिनदर्शिका आमच्या भिंतीवर असते, ती आम्ही उपासासाठीं पाहतों.

अर्थात् भरतीची वेळ कळली म्हणजे सर्व कळलें असें नव्हे. किनाऱ्यावर आलेलें पाणी कधीं कधीं एखाद्या चिंचोळ्या वाटेनें जोरानें परत फिरतें. तेथें लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्यास तीच जागा शांत वाटते. त्या ओढींत सांपडलेल्यानें काठाकडे झुंजत न येतां आधीं काठाशीं समांतर पोहून बाहेर पडावें लागतें. हें मला कोणत्याही महाविद्यालयांत कोणीं शिकविलें नाहीं, आणि मीं तरी कोणास शिकविलें? सहलीपूर्वीं पालकांचीं संमतिपत्रें मात्र मीं वीस वर्षें गोळा केलीं. जबाबदारी आमची नाहीं, एवढें त्यांत स्वच्छ लिहिलेलें असतें. पोहतां कोणास येतें, दोर कोणाजवळ आहे, असा एकही प्रश्न त्यांत नसतो.

गोव्यानें २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक उभे केले आहेत. त्यावर आमचे अर्थशास्त्री म्हणतील, गोव्यास पर्यटकांचा पैसा मिळतो, जव्हार-मोखाड्यास काय मिळतें? पण दिवाळीनंतर वीटभट्टीच्या मजुरीसाठीं गांव सोडणारा येथला तरुण पावसाळ्यांत बहुधा गांवींच असतो. चार महिन्यांचा पगार, शिटी, दोर आणि प्रथमोपचाराचें शिक्षण, एवढ्यास लागणारी रक्कम एका स्वागतसमारंभांत उडते. शिवाय, माणूस बुडाल्यावर डोहांत उतरावयास याच तरुणांना हांक मारली जाते. प्रेत काढण्यास जो चालतो, तो तासभर आधीं काठावर उभा राहिला तर कोणाची अडचण होते? आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा २००५ पासून अस्तित्वांत आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यानें आपली योजना आंखावी असें तो स्पष्ट सांगतो. त्या योजनेंत वांगणीच्या वाटाड्याचें नांव व दरमहाचा आंकडा लिहिलेला मला दाखवा. मग मनाईच्या फलकाविषयीं बोलूं.