उचलवेल तेवढेच ओझे

माझा पुतण्या मोटारसायकलवरून एकटाच महाबळेश्वरला निघाला, तेव्हा निरोप देण्यासाठी मी चवदार तळ्यापर्यंत गेलो. गाडीच्या मागच्या आसनावर सामानाचा डोंगर होता. मी एवढेच विचारले, "पोलादपूरच्या पुढे आंबेनळी घाटात गाडी आडवी झाली, तर ती उचलणार कोण?"

तो निरुत्तर झाला. आम्ही तेथेच सामान उतरविले. सुमारे अडीच किलोंचा साधा तंबू राहिला. गादीच्या जागी फोमची गुंडाळती चटई आली. महाड समुद्रसपाटीपासून फारसे उंच नाही, महाबळेश्वर मात्र १३०० मीटरांहून उंच. म्हणून स्वेटर आणि कानटोपी ठेवली. शेगडी व भांडी परत गेली, त्यांची जागा खाकरे आणि सुक्या चटणीने घेतली. जड वस्तू दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत खाली, समतोल. हलक्या वस्तू वर, दोरीने घट्ट.

नवे काय घ्यावे? पाणी न झिरपणारा तंबू आणि पक्की दोरी. बाकीचे बहुतेक घरातच सापडते. तंबू आधी गच्चीवर उभारून पाहावा, आणि मुक्कामापूर्वी जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी.

शेवटी तो पाण्याच्या बाटल्याही काढू लागला. मी त्याचा हात धरला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे त्या ओंजळीने जगाला सांगितले. त्या काठावर उभे राहून पाण्याला ओझे कसे म्हणावे?