१२५ म्हणजे १२५ च का?

सकाळी सहाची गोळी घेतली की साडेसहापर्यंत 'हे' चालते-फिरते होतात आणि आम्ही सारसबागेत एक फेरी मारून येतो. मागच्या पावसाळ्यात एकदा नेहमीच्या दुकानात ती गोळी नव्हती. दुकानदार म्हणाला, "काकू, ही घेऊन जा. १२५ च आहे, औषधही तेच." आकडा तोच दिसला, मी घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी साडेसहा वाजले, सात वाजले, हे आपले पलंगाच्या कडेवर बसलेलेच. पाय जमिनीला खिळल्यासारखे. आठला घाबरून मी आणखी एक गोळी दिली. दहाच्या सुमारास दोन्हींचा परिणाम एकदम आला. मान, खांदे, हात वेडेवाकडे हलायला लागले, चहाचा कप हातातून निसटला. मला वाटलं, एका रात्रीत आजार वाढला! आजार होता तेवढाच होता, बदलली होती ती गोळी.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. १२५ ही बेरीज आहे: १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि २५ मिलिग्रॅम कार्बिडोपा. ११० म्हणजे १०० आणि १०. म्हणजे ११० वरून १२५ वर गेलं तरी मुख्य औषध तेवढंच राहतं. वाढतं ते कार्बिडोपा, जे लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधी वाटेत खर्च होऊ देत नाही. आम्हाला मिळालेली १२५ मात्र 'सीआर' होती, हळूहळू विरघळणारी. तिचा परिणाम उशिरा सुरू होतो आणि तिच्यातलं लेव्होडोपा साध्या गोळीच्या सुमारे ७० टक्केच अंगी लागतं. ती कुटून किंवा चावून घेऊनही चालत नाही. आजार जुना झाला की मेंदूला डोपामिनचा साठा करता येत नाही. हातावर पोट असणाऱ्याची गत, आजची कमाई आजच संपायची. मग गोळीतला एवढासा फरकही लगेच जाणवतो.

सीआर गोळी वाईट असं मला म्हणायचं नाही. रात्री कूस बदलता यावी म्हणून कित्येकांना तीच देतात. स्वस्त जेनेरिकलाही माझा विरोध नाही, औषध जन्मभराचं आहे. बदल डॉक्टरांना विचारून व्हावा, एवढंच माझं म्हणणं. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे अनुसूची 'एच' मधल्या औषधाऐवजी दुकानदाराला परस्पर दुसरं देता येत नाही. पण नुसतं दुकानदाराला बोलून काय उपयोग? घरातही आपण परस्पर बदल करतोच. कुणी खाजकुइलीचं चूर्ण सुचवतं, "आयुर्वेदिकच तर आहे" म्हणून आपण सुरू करतो. त्या बियांतही लेव्होडोपाच असतं!

आपल्या पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर म्हणतात. त्या दिवशी शुभंकर म्हणून मी कमी पडले. आता जुनी स्ट्रिप पर्समध्ये ठेवते, पंधरा दिवसांच्या गोळ्या शिल्लक असतानाच नव्या आणते. चिठ्ठीवर दोन्ही घटकांचे मिलिग्रॅम आणि 'साधी की सीआर' हे डॉक्टरांकडून लिहून घेते. गोळी मिळालीच नाही तर आधी डॉक्टरांना फोन. आपल्या मनानं बदलणं नाही आणि एकदम बंद करणं तर नाहीच.

तुमच्या घरातला माणूस अचानक जास्त थकलेला, जास्त ताठरलेला वाटला, तर आजाराला दोष देण्याआधी एकदा गोळ्यांची स्ट्रिप उलटून वाचा.