शिक्रा, चिमण्या आणि आरोपीचा शोध

आमच्या वसाहतीच्या गेल्या सभेत एक ठराव मांडला गेला. आवारातील जुन्या आंब्यावर शिक्र्याच्या जोडीने घरटे केले आहे. दाणे टिपावयास येणाऱ्या चिमण्यांवर हे पक्षी झडप घालतात. सबब ती फांदी तोडून त्यांना हुसकावून लावावे. ठराव मांडणाऱ्यांच्या भूतदयेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मुलांच्या देखत चिमणी उचलली गेली तर कोणीही अस्वस्थ होईल. परंतु डोळ्यांसमोर घडते तेच खरे कारण, असे मानण्यात मोठा धोका असतो. महागाईचा राग कोपऱ्यावरच्या वाण्यावर निघावा, त्यातलाच हा प्रकार आहे.

या प्रश्नाचा सर्वांत कसून अभ्यास ब्रिटनमध्ये झाला आहे. तेथील ‘स्पॅरोहॉक’ हा शिक्र्याचाच भाऊबंद. १९५०नंतरच्या दशकात बियाण्याला चोळल्या जाणाऱ्या आल्ड्रिन, डिल्ड्रिन यांसारख्या विषांमुळे आणि डीडीटीने अंड्यांची कवचे पातळ झाल्यामुळे तो पूर्व इंग्लंडमधून जवळजवळ नाहीसा झाला. या रसायनांवर निर्बंध आल्यावर १९७०-८०च्या दशकांत तो परतला आणि बागांतूनही दिसू लागला. नेमक्या त्याच काळात चंडोलासारखे शेतातील पक्षी घटू लागले. साहजिकच आरोप त्याच्यावर आला. तथापि, दीर्घकालीन पक्षिगणनेच्या आधारे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुसंख्य जातींच्या बाबतीत या आरोपाला पुरावा मिळाला नाही. शरद ऋतूतील पेरणीमुळे हिवाळ्यात मोकळी राहणारी, सांडलेल्या दाण्यांची शेते कमी झाली. तणनाशकांनी तणांचे बी आणि त्यांवरचे कीटक नाहीसे केले. खरे कारण तेथे होते. पण तणनाशक कोणाच्या खिडकीसमोर झडप घालीत नाही.

यामागचे गणित साधे आहे. छोट्या पक्ष्यांची एक जोडी एका हंगामात अनेक पिले वाढविते. संख्या स्थिर राहावयाची तर त्यांतील बहुतेक पिले उपासमार, थंडी, रोग अथवा शिकार यांपैकी कशाने तरी जाणारच. शिकाऱ्याने नेलेला पक्षी एरवी जगलाच असता, असे म्हणता येत नाही. ऑक्सफर्डजवळच्या वायथम अरण्यात स्पॅरोहॉक ‘टिट’ पक्ष्यांची पिले मोठ्या प्रमाणावर मारतो, तरीही वीण करणाऱ्या जोड्यांची संख्या त्यामुळे घटल्याचे आढळले नाही. मात्र तो परतल्यावर तेथील ‘ग्रेट टिट’ हलके झाले, असे १९९५मध्ये दाखविले गेले. अंगावरची चरबी म्हणजे उपासमारीविरुद्धचा साठा. पण जड पक्ष्याला निसटणे अवघड. साठ्याचीही किंमत मोजावी लागते, हे पक्ष्यांना आमच्याइतकेच कळते.

याचा अर्थ शिकाऱ्याचा परिणाम शून्य असतो, असा नव्हे. काही थोड्या जातींच्या बाबतीत त्या अभ्यासातही घटीशी संबंध दिसला, आणि ब्रिटनमधील घरचिमणीविषयी वाद अजून मिटलेला नाही. एखाद्या बागेत शिक्रा येऊ लागला तर तेथील पक्षी बुजतात, काही काळ फिरकतही नाहीत. परंतु एका बागेतील शुकशुकाट म्हणजे शहरातील ऱ्हास नव्हे.

आपल्याकडे २०२०च्या पक्षिस्थिती अहवालानुसार देशभरात चिमण्यांची संख्या साधारणपणे टिकून आहे. मोठ्या महानगरांत मात्र ती घटली आहे. शिक्रा तर खेड्यापाड्यांतही आहे, आणि त्याचा उदरनिर्वाह सरडे, पाली, उंदीर, टोळ यांवरही चालतो. तेव्हा महानगरांतच निराळे असे काय घडले, हे विचारावयास हवे. कौलारू घरांच्या वळचणी गेल्या, काचेच्या व काँक्रीटच्या भिंती आल्या. चिमणीच्या पिलाला किडे लागतात. आणि बागा तर आपण फवारणीने निष्कीटक करीत आहोत.

शिवाय १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा शिक्र्याचे घरटे मोडू देत नाही. सभेत प्रस्तुत लेखकाने पर्यायी सूचना मांडली : दाण्यांची थाळी मेंदीच्या दाट कुंपणाजवळ न्यावी, कीटकनाशकाची फवारणी थांबवावी, भिंतींवर घरट्यांसाठी लाकडी खोकी लावावीत. फांदी तोडण्यास एक सकाळ पुरते. या तीन गोष्टींना वर्षभर चिकाटी आणि थोडी वर्गणी लागेल. ठराव तूर्त तहकूब आहे. चिमण्यांविषयीचा आपला कळवळा किती खरा, हे पुढच्या सभेत वर्गणीचा विषय निघाल्यावर कळेल.