भौतिकोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण आणि गिरगावातील जिने

आरोग्यसेवेतील ज्या व्यवसायांना आजवर वैद्यकाच्या सावलीत उभे राहावे लागले, त्यांच्या शिक्षणाची फेररचना सध्या देशभर चालू आहे. संसदेने २०२१ साली ह्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. २०२५ साली आयोगाने भौतिकोपचारासह अनेक शाखांचे नवे अभ्यासक्रम प्रसिद्ध केले. वृत्तपत्रांतून मात्र चर्चा रंगली ती एका उपाधीची. भौतिकोपचारकांनी नावापूर्वी ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये काढले आणि लगेच दुसऱ्या दिवशी मागे घेतले. उपाधीचा वाद ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी तो जरूर घालावा. आम्हांला वेगळाच प्रश्न पडतो. सार्वजनिक विद्यापीठाच्या छत्राखाली, महापालिकेच्या रुग्णालयात जे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते, ते ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या दारापर्यंत पोहोचते काय?

गिरगावापुरते बोलू. फणसवाडी, मुगभाट, ठाकूरद्वार, खोताची वाडी ह्या परिसरात जुन्या चाळी आणि लाकडी घरे अजून बऱ्याच संख्येने उभी आहेत. मुले उपनगरांत किंवा परदेशी गेली, आईवडील मागे राहिले. अशा घरात अर्धांगाचा झटका आलेला किंवा खुब्याचे हाड मोडलेला वृद्ध रुग्णालयातून परत येतो, तेव्हा त्याचा खरा आजार तेथून सुरू होतो. रुग्णालयाने त्याला ‘आठवड्यातून तीनदा व्यायामासाठी या’ असे लिहून दिलेले असते. तिसऱ्या मजल्यावरून उतरायचे ते उभ्या, अरुंद लाकडी जिन्याने. धरायला काही ठिकाणी नुसता दोरखंड. शौचालय गॅलरीच्या टोकाला आणि तेही उकिडवे बसण्याचे. दोन शेजारी खुर्चीत बसवून त्याला खाली आणतात, आठवडाभर आणतात, मग शेजाऱ्यांनाही कामधंदे असतात. व्यायाम थांबतो आणि सांधे आखडतात. खाजगी उपचारक घरी बोलवावा तर निवृत्तिवेतनातून ते दीर्घकाळ परवडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावला भुयारी मेट्रोचे स्थानक मिळाले. तेथे सरकते जिने आहेत, उद्वाहक आहेत. जमिनीच्या पोटातून वर येण्याची सोय झाली. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून जमिनीवर येण्याची अजून व्हायची आहे.

हे सारे मनाला अधिक लागते, कारण ह्या विद्येचे माहेर येथून दूर नाही. व्यवसायोपचाराचे आशियातील पहिले विद्यालय १९५० साली परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. ते उभारणाऱ्या कमला निंबकर ह्या जन्माने अमेरिकन, मूळच्या एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकर ह्यांच्याशी विवाह करून त्या ह्या भूमीच्या झाल्या. फलटणचे कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचे आहे. त्यानंतर थोड्याच काळात, पोलिओच्या साथीने मुंबईतील मुले पंगू होत असताना, जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालयही निघाले. (‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकून कित्येकांना तो धंद्यातील मंदीवरचा इलाज वाटतो. वस्तुतः शर्टाची गुंडी लावणे, तांब्याने अंगावर पाणी घेणे, पोळी लाटणे अशी रोजची कामे रुग्णाला पुन्हा स्वतः करता यावीत, हा त्या उपचाराचा हेतू होय.)

ह्या विद्यालयांचे पदवीधर पूर्वी मुंबई विद्यापीठाचे असत. १९९८ साली महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर पदवी नाशिकहून मिळू लागली. प्रवेश परीक्षा राज्य शासनाचा कक्ष घेतो, विद्यापीठ राज्याचे, रुग्णालय महापालिकेचे आणि नवे निकष केंद्रीय आयोगाचे. शिक्षण चार घरचे पाहुणे झाले की यजमान कोण, हे ठरत नाही. राज्यातील ह्या शाखांची बहुतेक महाविद्यालये आज खाजगी आहेत. त्यामुळे केईएम, नायर, शीव येथील मोजक्या सार्वजनिक जागांचे मोल अधिकच वाढते. तेथे शिकणाऱ्याच्या शिक्षणाचा मोठा भार नागरिक उचलतात, आणि त्याचे हात ज्या रुग्णांवर तयार होतात तेही बहुधा गरीबच असतात.

पदव्युत्तर विद्यार्थी मज्जासंस्था, अस्थी व स्नायू, हृदय व श्वसन अशी एखादी शाखा निवडतो. समाजाधारित भौतिकोपचार हीही एक स्वतंत्र शाखा आहे. प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, पण रुग्ण मिळतात ते बहुतांशी बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे जे तेथवर येऊ शकले तेच. जो जिना उतरू शकला नाही तो प्रबंधाच्या तक्त्यातून गळतो. फार तर ‘उपचार अर्धवट सोडले’ ह्या रकान्यात त्याची नोंद होते.

समाजात जाण्याची परंपरा ह्या महाविद्यालयांना नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केईएमशी संलग्न महाविद्यालयाचे नागरी आरोग्य केंद्र मालवणीला आहे, शीवचे धारावीत आहे. ती निवड सर्वथा योग्य होती. परंतु ‘समाज’ म्हणजे झोपडपट्टी, असे समीकरण त्यातून आपल्या मनात रुजले असावे. गिरगावच्या पांढरपेशा गॅलरीमागचे दारिद्र्य बोलके नसते. ते मदत मागायला लाजते आणि म्हणून कोणत्याच योजनेत बसत नाही.

आमची सूचना मर्यादित आहे. नायर रुग्णालय येथून जवळ, मुंबई सेंट्रलला आहे. दोन्ही शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रशिक्षणातील काही महिने वाड्यांमध्ये घरभेटींवर घालवावेत, ते काम विद्यापीठाने गुणांकनात धरावे आणि प्रबंधाचे विषयही तेथूनच निघावेत. उकिडवे बसता न येणाऱ्याला सामाईक शौचालय कसे वापरता येईल, उंच उंबरठा चालणसाधनाने कसा ओलांडावा, ह्यांची उत्तरे पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण. ती येथेच शोधावी लागतील.

अडचणी आहेत. विद्यार्थी वाडीत गेल्यावर विभागातील रांग कोण सांभाळणार? ह्या शाखांत मुली बहुसंख्य आहेत. अनोळखी घरी त्यांनी एकटीने जाणे योग्य नाही, तेव्हा जोडीने पाठवावे लागेल आणि मनुष्यबळ दुप्पट लागेल. प्रवासखर्च व विद्यावेतन कोणी द्यायचे, ह्यावर विद्यापीठ व महापालिका एकमेकांकडे बोट दाखवतील, हेही आम्ही जाणून आहोत. शिवाय अध्यापक सोबत नसेल तर घरभेट हे शिक्षण न राहता फुकटची सेवा ठरते, हा आक्षेप आम्हांला सर्वांत वजनदार वाटतो. म्हणून आरंभ एका वाडीपासून, एका अध्यापकासह व्हावा. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे, ह्याची यादी बनविणे अवघड नाही. चाळ समित्या, गणेशोत्सव मंडळे आणि चर्नी रोडच्या संत तेरेजा चर्चसारखी धर्मग्रामे ह्यांना ती घरे मजल्यासकट ठाऊक असतात.

अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात असतानाच हे सुचविण्यात अर्थ आहे. एकदा तासिकांची विभागणी निश्चित झाली, की पुढील फेरबदलास किती वर्षे लागतील ते सांगवत नाही. आणि खुब्याचे हाड मोडलेल्या सत्तरीतील माणसाकडे तेवढी वर्षे नसतात.