डिस्ट्रोचा वाद पुरे! आधी तो क्रॅकचा पेन ड्राइव्ह फेका

मागच्या आठवड्यात बातमीसाठी एका शाळेत गेलो होतो. कॉम्प्युटर लॅबला कुलूप. किल्ली मागवून आत बघतो तर दहा कॉम्प्युटर फडक्याखाली झाकून ठेवलेले. सर म्हणाले, "चालतात हो सगळे. पण विंडोज १० बंद झालं ना! नवीन आले की लॅब उघडू."

चालतं मशीन कुलपात आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव वरती. पोरं बाहेर, व्हरांड्यात.

मित्रांनो, विंडोज १० बंद पडलेलं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट मिळणं थांबलंय. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ आहे, पुढे काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा. म्हणजे आपल्याकडच्या शाळा, ग्रामपंचायती, झेरॉक्सची दुकानं यांतली कितीतरी ठणठणीत मशीनं कागदावर मेली.

यावर गावातला ठरलेला उपाय काय? "साहेब, शंभर-दोनशे द्या, क्रॅक मारून देतो." आधी अँटिव्हायरस बंद करायचा, मग कुणी बनवली ते माहीत नसलेली फाईल चालवायची. म्हणजे चोराला घरात घ्यायला कुत्रं बांधून ठेवायचं! दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? आमच्या ऑफिसात हेच वर्षानुवर्षं चाललं. एक दिवस असल्याच पेन ड्राइव्हमधून काहीतरी शिरलं आणि दोन वर्षांच्या बातम्या, फोटो उघडेनात. बॅकअप नव्हता. ती चूक माझी, कबूल.

मग लिनक्सकडे वळलो. फुकट, कायदेशीर, जुन्या मशीनवर चालणारं. चार जाणकारांना विचारलं, कुठला डिस्ट्रो टाकू? एक म्हणाला उबुंटू. दुसरा म्हणाला फेडोरा. तिसऱ्याच्या मते डेबियनशिवाय सगळं खोटं. चौथ्यानं आर्च सांगितलं, वर "त्याशिवाय काही शिकणार नाहीस" असं सुनावलं. मला तालुक्याला जायची एसटी हवी होती आणि ही मंडळी चेसिसवर भांडत होती. दोन महिने मी हातच लावला नाही.

या जाणकारांवर माझा खरा राग आहे. क्रॅकवाला निदान अर्ध्या तासात काम करून तरी देतो. तुम्ही माणसाला घाबरवून परत त्याच्याच दुकानात पाठवता.

डिस्ट्रो निवडायला तीन प्रश्न पुरतात. अपडेट किती वर्षं मिळणार? जुन्या मशीनवर चालेल का? आणि अडलं तर गावात विचारायला कोण? फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते, मग पुढच्या आवृत्तीवर जावं लागतं. शाळेतल्या सरांनी हे दरवर्षी करायचं का? लिनक्स मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. चार जीबी रॅमवर त्याची एक्सएफसीई आवृत्ती नीट चालते. पेन ड्राइव्हवरून सुरू करून आधी नुसतं बघताही येतं, हार्ड डिस्कला हात न लावता. मी मिंट घेतलं. उबुंटू जाणणारा शेजारी असेल तर तुम्ही उबुंटू घ्या. काही बिघडत नाही.

बिघडतं ते सॉफ्टवेअर कुठून घेता यावर. लिनक्समध्ये गुगलवर शोधून, पहिल्या हिरव्या बटणावर क्लिक करून सॉफ्टवेअर उतरवायचं नसतं. डिस्ट्रोचं स्वतःचं भांडार असतं. सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, नाव टाका, इन्स्टॉल करा. तिथल्या मालावर डिजिटल सही असते, ती जुळली तरच तो बसतो. आणि अपडेट सगळ्यांची एकाच ठिकाणी. तिथे नसेल तर फ्लॅटपॅक. त्यातही प्रकाशकाची पडताळणी न झालेलं मिंट २२ आपणहून दाखवत नाही. पण कुठल्यातरी व्हिडिओत बघून टर्मिनलमध्ये न समजणारी ओळ चिकटवली आणि वर पासवर्ड दिला, तर तोही क्रॅकच. नाव फक्त लिनक्सचं.

लिनक्सवर सगळं होतं, असं मी सांगणार नाही. टॅली, पेजमेकर, फोटोशॉप लिनक्ससाठी निघतच नाहीत. आमचे जुने अंक युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये अडकलेत, म्हणून एक विंडोज मशीन ठेवलंय, इंटरनेट काढून. बाकी दोन मशीनांवर बातम्या, मेल, लिब्रे ऑफिस, इनस्क्रिप्टमधलं मराठी टायपिंग, सगळं मिंटवर.

"शाळांना जमणार नाही" म्हणणाऱ्यांनी केरळकडे बघावं. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत पंधराहून अधिक वर्षं लिनक्स चालतंय. तिथे डिस्ट्रो निवडायचं ओझं एकेका शिक्षकावर टाकलं नाही. 'काइट' या सरकारी संस्थेनं उबुंटूवर आधारलेली एकच प्रणाली केली, शाळेला लागणारी सॉफ्टवेअर त्यातच घातली आणि शिक्षकांना शिकवलं. निवड एकदा, वापर सगळ्यांचा.

आपल्या तालुक्यात हे का होऊ नये? माझी मागणी साधी आहे. नव्या कॉम्प्युटरच्या खरेदीवर सही करण्याआधी शाळा समितीनं आणि ग्रामपंचायतीनं जुन्या मशीनांची यादी जाहीर करावी. त्यातलं एक मशीन सगळ्यांसमोर मिंटवर चालवून बघावं. नाही चाललं तर खुशाल नवीन घ्या, बातमी मीच छापतो.

त्या शाळेला मी रविवारी येतो म्हणून सांगितलंय. पेन ड्राइव्ह माझा. चौघा जाणकारांनीही यावं, पण भांडण घरी ठेवून. दहा मशीनं आहेत, हात कमी पडतील.