व्हिसा हीच जकात

२४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. स्कॉच व्हिस्कीवरचा १५० टक्के आयातकर लगेच ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचे आपण मान्य केले. बदल्यात मिळालेल्या सवलतींत एक अशी: आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार मिळून वर्षाला १,८०० भारतीयांना तिथे काम करता येईल. सह्यांच्या दोनच दिवस आधी, २२ जुलैला, ब्रिटनने वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीसाठी परदेशातून नवी माणसे आणण्याचा व्हिसा बंद केला होता. सेवांच्या खुल्या व्यापाराचे खरे रूप या दोन तारखांत दिसते.

जागतिक व्यापार संघटनेचा ‘गॅट्स’ करार १९९५ पासून लागू आहे. सेवा चार वाटांनी देशाबाहेर जाते, असे तो मानतो: तारेवरून पाठवलेले काम, परदेशी ग्राहकाने इथे येऊन घेतलेली सेवा, परक्या देशात थाटलेली शाखा आणि कामासाठी स्वतः गेलेला माणूस. जगाच्या सेवा व्यापारात शाखांचा, म्हणजे भांडवलाचा, वाटा साठ टक्क्यांच्या आसपास आहे. माणसाचा जेमतेम तीन. भांडवलासाठी आपण दारे उघडत गेलो. विम्यात परकी गुंतवणुकीची मर्यादा २६ टक्क्यांवरून २०१५ मध्ये ४९ आणि २०२१ मध्ये ७४ टक्के झाली. ते योग्यच होते, कारण खासगी कंपन्या येण्याआधी नियामक उभा होता. पण आपल्या माणसांसाठी तेवढी दारे उघडली का? नाही.

मालावरची जकात टक्क्यांत लिहिलेली असते, म्हणून घासाघीस करून ती उतरवता येते. माणसावरची जकात व्हिसाच्या शुल्कात, कोट्यात आणि पदवीच्या मान्यतेत असते, आणि एका हुकमासरशी चढते. अमेरिकेने सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. आधीच्या, कितीतरी लहान वाढीविरुद्ध भारताने २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली होती. ती सल्लामसलतीपुढे गेली नाही. आता तर तिथले अपील मंडळच डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे.

संगणक अभियंत्याला यातून पळवाट आहे. त्याला व्हिसा मिळाला नाही तर काम हिंजवडीत येते, आणि ते आलेही आहे. परिचारिकेचे, फिजिओथेरपिस्टचे, गवंड्याचे काम तारेवरून जात नाही. त्यासाठी देहच तिथे असावा लागतो. म्हणून सेवा खुल्या झाल्या त्या इंग्रजी शिकलेल्या, संगणकावर बसणाऱ्या थरासाठी. देशाच्या उत्पन्नात सेवांचा वाटा निम्म्याहून अधिक, पण रोजगारात एक तृतीयांशाहून कमी, ही दरी काही अंशी इथूनही रुंदावते. आपल्या वाटाघाटींत सॉफ्टवेअर कंपन्यांचा आवाज मोठा असतो. परिचारिकांच्या वतीने तिथे कोण बोलते?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जण जाणार, असे सांगितले गेले. हेतू चांगला आहे आणि तिथे माणसांची गरजही खरी आहे. पण परिचारिकेला तिथे पूर्ण हुद्द्यावर काम करायचे तर सहसा बी-२ पातळीचे जर्मन यावे लागते आणि इथली पदवी तिथल्या अधिकाऱ्यांकडून तपासून मान्य करून घ्यावी लागते. ती मान्यता मिळेपर्यंत तिला मदतनिसाच्या पगारावर राबावे लागते, किंवा इथेच घरचे पैसे खर्चून भाषेच्या वर्गात थांबावे लागते.

आपलेही हात पूर्ण स्वच्छ नाहीत. परदेशी वकिलांना आपण वर्षानुवर्षे बाहेर ठेवले. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायद्याचा अर्थ तसाच लावला. त्यांना मर्यादित प्रवेश देणारे नियम बार कौन्सिलने केले ते २०२३ मध्ये. अशा बंद दारांची किंमत वाटाघाटीत दुसरा पक्ष वसूल करतो. ती दारे आपण उघडावीत, पण मोबदला ठरवून. वकिली, लेखापरीक्षण, उच्च शिक्षण यांत प्रवेश हवा असलेल्या देशाने परिचारिकेची पदवी किती महिन्यांत तपासणार, शुल्क किती घेणार आणि नकार दिल्यास दाद कुठे मागायची, हे करारात लिहून द्यावे. व्हिसाचे शुल्क कराराच्या मुदतीत वाढवणार नाही, हेही त्यातच यावे.