बोली लागण्याआधी

आयपीएलच्या लिलावाचे दिवस आले की आमच्या नांदेडात परीक्षकांचं पीक येतं. एरवी ज्याला आपला मुलगा कोणत्या तुकडीत आहे हे सांगता येत नाही, तोसुद्धा "हे पोरगं दोन कोटीला जातंय, लिहून ठेवा" असं छातीठोकपणे सांगतो. त्याने त्या पोराला पाहिलेलं असतं मोबाइलवर, दीड मिनिट. त्या दीड मिनिटात पोराने मारलेले सगळे षटकार असतात, आणि एकही बाद होणं नसतं!

मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत मिळून जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या. त्यामुळे कोणी कोणाला गुण देऊ लागलं की माझे कान आपोआप टवकारतात. क्रिकेट मी खेळलो ते विहिरीच्या काठी, धुणं बडवायच्या दांडक्याने. तेव्हा खेळातला जाणकार म्हणून मी बोलत नाही. पण पोरांना पारखणं हा विषय मात्र माझा आहे, असं मी जरा हट्टाने म्हणतो.

आपल्या भाषेत 'गुण' हा शब्द मोठा फसवा आहे. गुणपत्रिकेवर असतात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. लातूर पॅटर्न गाजू लागला तेव्हापासून आमच्या भागात पहिल्या अर्थाने दुसऱ्याला जवळजवळ गिळूनच टाकलं. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवणार नाही. सराव परीक्षांवर सराव परीक्षा घेऊन त्याने खेड्यापाड्यांतल्या हजारो पोरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, हे कमी नाही. पण बोर्डाची प्रश्नपत्रिका एकच असते, मुंबईच्या पोराला तीच आणि उदगीरच्या पोरालाही तीच. खेळात तसं नसतं. प्रत्येकाची प्रश्नपत्रिका वेगळी, आणि आपण मात्र नुसते मिळालेले गुण शेजारी शेजारी मांडून तुलना करतो.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. २००८ साली आयपीएल सुरू झाली तेव्हा मोठ्या खेळाडूंचा लिलाव झाला, पण एकोणीस वर्षांखालच्या पोरांसाठी बोली नव्हती. संघांनी आळीपाळीने एकेकाचं नाव उचलायचं, अशी पद्धत ठेवली होती. त्याच मार्च महिन्यात ही पोरं मलेशियातून विश्वचषक जिंकून आली होती. कप्तान होता दिल्लीचा विराट कोहली. दिल्लीच्या संघाला आपल्याच गावचा हा मुलगा घेता येत होता. त्यांनी घेतला प्रदीप संगवान, डावखुरा वेगवान गोलंदाज, तोही दिल्लीचाच. कोहली मग बंगळूरकडे गेला.

आज सगळे हसतात. मला हसू येत नाही. दिल्लीकडे त्या वेळी सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स असे फलंदाज आधीच होते. घरात चार पोती ज्वारी असताना बाजारातून माणूस तूरडाळ आणतो, ज्वारी कितीही चांगली असली तरी. त्यांनी गरज पाहिली. म्हणजे एखादा मुलगा निवडला गेला नाही, यातून तो कमी आहे असं सिद्ध होतच नाही. पण ही साधी गोष्ट घरी बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या बापाला कोण समजावणार?

त्या विश्वचषकातले आकडे तर आणखी गमतीचे. भारताकडून सर्वांत जास्त धावा कोहलीच्या नव्हत्याच. त्याच्या होत्या २३५. तन्मय श्रीवास्तवच्या २६२, आणि त्या स्पर्धेत सगळ्या देशांत मिळूनही सर्वांत जास्त. गुणपत्रिका पाहणारा कोणीही तन्मयलाच पहिला नंबर देईल, मीही दिला असता. तन्मय पुढे पंच झाला आणि २०२५ च्या आयपीएलमध्ये उभा राहिला. कोहली त्या वर्षी फलंदाजीच करत होता. (पंच होणं म्हणजे काही कमीपणा नव्हे, हे सांगायला हवं, आयुष्यभर पंचगिरी केलेला माणूस हे लिहितोय.)

आणि बंगळूरला तरी काय मिळालं पहिल्या वर्षी? १३ सामन्यांत १६५ धावा! पहिल्या घटक चाचणीवर निकाल लावायचा असता तर हा विद्यार्थी नापासच होता. बंगळूरने त्याला सोडला नाही. संघाचा पहिला चषक आला २०२५ साली, तेव्हाही तो तिथेच होता.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो आणि हा ब्लॉग नेमाने वाचतो. त्याने एकदा कळवलं होतं, मामा, हे सगळं आमच्याकडे तुमच्याही आधीपासून चालतं. त्यांच्या अमेरिकी फुटबॉलमध्ये कॉलेजातली पोरं दरवर्षी संघ आळीपाळीने निवडतात, आणि त्यातही सगळ्यांचा डोळा असतो क्वार्टरबॅकवर. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हाती चेंडू येतो आणि जो दोन-तीन सेकंदांत, अंगावर धटिंगण धावून येत असताना, तो कुणाकडे फेकायचा हे ठरवतो. त्याची उंची मोजतात, हाताचा पंजा मोजतात, पळायला लावून सेकंद मोजतात. एवढं मोजूनही २००० साली टॉम ब्रेडी नावाच्या मुलाला १९९ वा क्रमांक मिळाला. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. ब्रेडीने पुढे सात वेळा त्यांचा सर्वांत मोठा चषक जिंकला. उलट २००७ साली ज्याला पहिल्याच क्रमांकावर उचललं, तो जमार्कस रसेल तीन हंगामांत बाहेर. पंजा मोजता येतो. त्या दोन सेकंदांत डोकं कसं चालतं ते मोजायची पट्टी तिथेही नाही.

पण मला बोलायचं आहे ते आपल्या मराठवाड्यातल्या पोरांबद्दल.

जालन्याचा विजय झोल आठवतो का? २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध त्याने नाबाद ४५१ धावा केल्या. पेपरात ते वाचून मी शाळेत फळ्यावर लिहिलेल्या पाढ्यासारखे ते आकडे दोनदा वाचले होते. २०१४ च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कप्तान होता. त्याच्या हाताखाली श्रेयस अय्यर, संजू सॅमसन, कुलदीप यादव खेळत होते. त्याच वर्षी बंगळूरने त्याला ३० लाखांना घेतलं. त्याच्या हाताखालचे ते तिघेही भारताच्या मोठ्या संघात गेले, विजयची वाट तिथपर्यंत गेली नाही. याचा अर्थ ४५१ खोट्या होत्या का? मुळीच नाही. एवढा वेळ उन्हात उभं राहून दाखवा, मग बोलू. पण ती त्या प्रश्नपत्रिकेची उत्तरं होती. पुढची प्रश्नपत्रिका वेगळी येते, आणि ती सोडवायला किती वेळ मिळतो हेही प्रत्येकाचं वेगळं असतं.

मग तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर. अंगाने धिप्पाड, चेंडू वेगात, आणि खालच्या क्रमांकावर येऊन दणादण षटकार. २०२२ च्या युवा विश्वचषकात आयर्लंडविरुद्ध १७ चेंडूंत नाबाद ३९. ५ फेब्रुवारीला भारताने तो चषक जिंकला आणि त्यानंतर आठवडाभरातच बंगळूरला लिलाव झाला. चेन्नईने ३० लाखांच्या मूळ किमतीवरून त्याला दीड कोटीला घेतलं. आई भवानीच्या गावात त्या दिवशी काय झालं असेल याची कल्पना करा! पहिलं वर्ष त्याने बाकावर बसून काढलं. २०२३ च्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात, अहमदाबादेत, त्याने ३६ धावांत ३ बळी घेतले. चेन्नईकडून तीन वर्षांत त्याला खेळायला मिळाले एकूण दोन सामने. पुढच्या मोठ्या लिलावात लखनौने त्याला ३० लाखांना घेतलं. पोरगा तोच, हातही तोच. दीड कोटीची बोली खरी की तीस लाखांची?

आणि बीडचा सचिन धस. ६ फेब्रुवारी २०२४, बेनोनी, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर यजमान दक्षिण आफ्रिका. जिंकायला २४५ हवेत आणि भारताचे ३२ वर ४ बाद. तिथून सचिनने ९५ चेंडूंत ९६ केल्या, कप्तान उदय सहारनने ८१, आणि भारत दोन गडी राखून जिंकला. मला विचाराल तर पोरगं पारखायची हीच वेळ. ३२ वर ४ ही अभ्यासक्रमाबाहेरची प्रश्नपत्रिका, आणि त्याला ती सोडवता आली. पण झालं काय, त्या वर्षीचा आयपीएल लिलाव आधीच, १९ डिसेंबरला दुबईत उरकला होता. राजवर्धनच्या पराक्रमानंतर आठवड्यात लिलाव आला. सचिनच्या पराक्रमाच्या दीड महिना आधी तो होऊन गेला. पुढचा लिलाव नोव्हेंबरात. तोवर बाजार ते ९६ विसरला. २०२५ च्या आयपीएलमध्ये सचिन कुठल्याच संघात नव्हता. आता यात पारख कुठे आली? हे तर पंचांग झालं.

आमच्या लोहा तालुक्यात माळेगावची यात्रा भरते, खंडोबाची. तिथला जनावरांचा बाजार सगळ्यांना माहीत आहे. लाल कंधारी किंवा देवणी खोंड घ्यायला आलेला शेतकरी काय करतो? आधी दात बघतो. मग खूर, मग चाल. हा झाला अमेरिकेचा पंजा मोजण्याचा प्रकार. पण जाणता शेतकरी तेवढ्यावर पैसे काढत नाही. तो म्हणतो, जुंपून दाखवा. गाडीला जुंपतो, ओझं भरतो आणि चढावर नेतो. बैल चढावर बसला तर उठतो कसा, हे पाहतो. माणसाच्या पोरांची बोली लावायची ही कल्पनाच मला फारशी रुचत नाही, ते असो. पण लावायचीच असेल तर निदान माळेगावइतकी तरी तपासणी करा. पोरगं शून्यावर बाद झालं त्याच्या पुढच्या सामन्यात ते कसं खेळलं, हे कुठल्या चित्रफितीत दिसतं?

अलीकडे एक गृहस्थ माझ्याकडे आले. लातूरला अडत दुकानात मुनीम आहेत, माझ्याकडे आठवीला होते. मुलगा अकरावीत, फलंदाज. पुण्याच्या एका अकादमीत घालायचा म्हणून बारावी सोडून द्यायची, आणि रस्त्यालगतचा दोन गुंठ्यांचा तुकडा विकायचा, असं घरात चाललंय. पोराने तालुक्याच्या एका स्पर्धेत दोन शतकं केली होती आणि कुणीतरी सांगितलं होतं की तीन वर्षांत लिलावात नाव येईल. "सर, खरं सांगा बरं, याच्यात दम हाय का?"

प्रमाणपत्रं टेबलावर मांडली होती. मी ती बाजूला सारली आणि पोरालाच विचारलं: शतक झालं ते मॅटिंगवर की मातीच्या खेळपट्टीवर? मॅटिंगवर. समोरचा गोलंदाज कोण, पुढे कुठल्या संघात गेला? माहीत नाही. शून्यावर शेवटचा कधी आउट झालास? पोरगं खाली बघू लागलं. बापच म्हणाला, झाला की, मागच्या महिन्यात, दोनदा. मग त्यानंतर काय केलंस? "रोज पहाटे मित्राला घेऊन जातो. तो ओल्या टेनिस बॉलनं अंगावर टाकतो, मी खेळतो. तसाच बॉल आलता."

हे उत्तर मला त्या दोन शतकांपेक्षा जास्त आवडलं. तरीही मी जमीन विकू नका असंच सांगितलं. एक तर आपल्याकडून पुणं साडेतीनशे-साडेचारशे किलोमीटर, आणि मराठवाड्याच्या पोराची निवड शेवटी महाराष्ट्र संघटनेच्या पुण्यातल्या मैदानांवरच ठरते. तिथे दोन डावांत छाप पडली नाही तर परतीची रात्रीची गाडी. त्या संघटनेने आणि आयपीएलच्या सगळ्या संघांनी आपली पारखी माणसं वर्षातून एक महिना तरी नांदेडला, लातूरला, बीडला येऊन बसवावीत, तीही अंतिम सामन्याला नकोत, साध्या साखळी सामन्यांना, हे मी आधीही दोन लेखांत लिहिलं आहे. कोणी वाचत नाही. भाचा वाचतो.

दुसरं म्हणजे बारावी दिल्याने बॅट जड होत नाही. मुनीमजी म्हणाले, पण वय निघून जाईल ना सर. बरोबर आहे त्यांचं. तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला २०२४ च्या लिलावात १ कोटी १० लाख मिळाले आणि पुढच्या एप्रिलात त्याने ३५ चेंडूंत शतक ठोकलं, हे घरोघरी पोचलंय. तेव्हापासून सतरावं वर्ष म्हणजे म्हातारपण वाटू लागलंय आमच्या पोरांना. वैभव एक आहे, आणि ब्रेडी १९९ वा होता, हे मी सांगितलं. ब्रेडी कोण हे सांगण्यात पुढची दहा मिनिटं गेली.

तूर्त ठरलंय ते असं: जमीन राहील, बारावीची परीक्षा होईल, आणि या हंगामात जिल्ह्याचे जेवढे सामने मिळतील तेवढे खेळायचे. प्रत्येक सामन्यानंतर वहीत लिहायचं, धावा नव्हे, बाद कसा झालो ते. वही मीच दिली, दोनशे पानी. पोराने उघडून बघितली आणि विचारलं, "सर, एवढ्या वेळा आउट होईन का मी?"

म्हटलं, झालास तर दुसरी देतो.